‘नो’ म्हणायची तालीम

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. सोलता सोलता भांडत होतो, पण खोटं. आमची ही दर बुधवारी चर्चच्या हॉलात थाई बायकांना फुकट इंग्रजी बोलायला शिकवायची. जर्मनांशी लग्न करून फ्रँकफर्टला आलेल्या बायका. एअरपोर्टकडच्या हॉटेलांत काम हवं तर इंग्रजी लागतं. वर्गात तिरसट गिऱ्हाईक मी व्हायचो, त्याचीच घरी तालीम चालली होती. "अहो, अजून खवचट बोला," ही म्हणाली. "एरवी बरं जमतं."

त्याच आठवड्यात ती गेली.

दिवसपाणी उरकल्यावर त्या बायकांनी मला शिकवायला बोलावलं. मी सातवी पास. माझं इंग्रजी हॉटेलात भांडी घासता घासता आलेलं. तरी गेलो, घरात बसून तरी काय करणार होतो? पाहतो तर सगळ्या हात जोडून उभ्या, आणि हसतायत. त्यांच्यात अवघडल्यावरही हसतात, हे हिने मला सांगून ठेवलं होतं. पण राग यायचा तो आलाच.

त्यातल्या एकीची दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, हॉटेलात सकाळच्या नाश्त्यावर. पाहुण्याला नीट नाही म्हणता येतं का, तेच तिथे बघणार होते. आणि या बाईला वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणंच ठाऊक नाही. नाश्ता बंद झालाय, मी गिऱ्हाईक होऊन अंडी मागतोय, तर "यस, सर." कॉफी मागितली, "यस, सर." म्हटलं, बाई, नो म्हण. तर "यस, टीचर." भिंतीशी बोललेलं परवडलं.

शेवटी वैतागून तोंडाला येईल ते बोलत सुटलो. मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "माझी बायको वर झोपलीय. उशिरा उठेल. तिच्यासाठी एक प्लेट काढून ठेव."

बोलून गेलो आणि मग कळलं काय बोललो ते. या खेपेला कोणी हसलं नाही.  ती बाई मान वर करून हळूच म्हणाली, "नो, सर. सॉरी. ब्रेकफास्ट फिनिश."

"उद्या असंच म्हण," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून तिच्याबरोबर गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. ती आत गेली, मी बाहेर बाकावर थंडीत ताटकळलो. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती हसतच. यांच्या हसण्यावरून माणसाने समजायचं काय?

"जॉब?" मी विचारलं.

"यस, टीचर."

"खरं यस, की तुमचं नेहमीचं?"

तिने पिशवीतून हॉटेलचा एप्रन काढून माझ्यापुढे धरला. म्हटलं, हे आधी दाखवायला काय झालं होतं? आणि स्टेशनकडे चालू लागलो.