जोडीदाराच्या तोंडाचा वास

खोटं कशाला बोलू, निजामाच्या राज्यात असताना मी शिंदी पिऊन पार मातीत गेलो होतो. घरच्यांनी हाकललं, तवा औरादच्या बाजारात रिकाम्या पालाखाली निजायचो. तिथून एका मठाच्या अप्पांनी मला उचलून नेलं. आमच्यासारखे बिनघराचे दहा-बारा पिणारे त्यांनी मठात ठेवले होते. खायला भाकरी, पांघरायला घोंगडी, आन् दिवसभर मठाच्या रानात काम.

तिथली रीत अशी, की दोघादोघांची जोडी. सकाळी पूजेआधी जोडीदाराच्या तोंडाचा वास घ्यायचा. शिंदीचा वास नसला तरच त्याच्या कपाळाला विभूती लावायची. लावली म्हणजे साक्ष दिली. चुकलेला माणूस आपण होऊन अप्पांपुढं गेला तर एकदा माफी. सापडला तर त्याच दिवशी बाहेर.

माझा जोडीदार मादन हिप्परगा गावचा. मी त्याला अण्णा म्हणायचो. पहिल्या आठवड्यात शिंदीवाचून माझे हातपाय लटलट कापायचे, तवा त्यानं मला पेज पाजली, माझी ओकारी काढली. सख्खा भाऊ काय करंल? पाचव्या महिन्यात एका सकाळी त्याच्याच तोंडाचा भपकारा आला, तवा मी विभूतीची बोटं मागं घेतली. त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, "एक डाव सांभाळून घे. पुन्हा न्हाई." मी गाढव, विभूती लावली.

न्याहारीला त्याच्या कानावर आलं, की मठाच्या गड्यानं त्याला शिंदीच्या दुकानात बघितलंय. मी विहिरीवर मोट धरून होतो. तो एकटाच अप्पांकडं गेला आन् सगळं सांगून मोकळा झाला. म्हणाला, "मी प्यालो, आन् ह्यानं माहीत असून साक्ष दिली." त्याला माफी मिळाली. मी सापडलेला ठरलो. दुपारी माझी घोंगडी काढून घेतली.

केसानं गळा कापला माझा. वेशीपर्यंत तो मागं आला, तवा मी विचारलं, "हाक कामून न्हाई मारलीस? मी बी आलो असतो."

खाली बघत म्हणाला, "दोघं गेलो असतो तर ठरवून आलेत म्हणाले असते. एकाला तरी जागा ऱ्हायला पाहिजे का न्हाई?"

खटकचिंचोळीच्या वाटेवर दुकान लागलं. पाच महिन्यांनी मी प्यालो.

अण्णा मठातच ऱ्हायला. मरेपर्यंत थेंब घेतला न्हाई म्हणतात. मला सुटायला नऊ वर्षं लागली.