जोगव्याचं पाचवं घर

आमची द्वारका चुलती हट्टी होती. तिच्यासारखा विश्वास ठेवला तर देवालाच घाम फुटावा. दर मंगळवारी परडी हातात घेऊन ती तुळजाभवानीचा जोगवा मागायला निघे. पाच घरचं पीठ मागे आणि त्याचीच भाकरी करी. चार घरं चालत नसत. पाच म्हणजे पाच.

बहात्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याजवळचं आमचं गाव अर्धवट झोपेत असल्यासारखं दिसे. दुपारी माळ थरथरायचा, लांबची बाभळ जमीन सोडून वर तरंगायची. अशाच एका दुपारी तलावाच्या कामावर कोंडिबा चुलत्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बसली. उमरग्याच्या डॉक्टरनं सांगितलं, चमच्यानं थेंब थेंब पाणी घालत राहा, दिवसभर, खंड पडू देऊ नका. नीट गिळायला लागले तर जगतील.

पण चुलती घरी बसली की दुष्काळी कामावर खायला मिळणारी कोरडी सुकडी बंद, आणि सुकडी बंद म्हणजे दोघंही उपाशी. मूलबाळ नव्हतं. आम्ही सोलापूरला जगायला गेलो होतो, त्याची लाज मला अजून वाटते. तीन दिवस ती चमचा धरून बसली. अर्धं पाणी ओठांतून बाहेर यायचं. डोळा लागला की तिला दिसायचं, अंगणातून कुणी ओल्या पावलांनी चालत येतंय. दचकून बघावं तर अंगण कोरडं ठाक. मी म्हणेन, भुकेचा भास. ती म्हणायची, आई येऊन गेली.

चौथ्या दिवशी मंगळवार. तिनं परडी उचलली. गावात कुणाच्या मडक्यात पीठ होतं? पहिल्याच दारात ओली बाळंतीण मालनबाई रडकुंडीला आली. जोगव्याला नाही म्हणू नये, आणि द्यायला तर चिमूटभरही नव्हतं.

"पीठ नगं गं," चुलती म्हणाली. तिला ते कुठून सुचलं, तिलाही कधी सांगता आलं नाही. "उद्या घटकाभर येऊन बस. त्यांच्या तोंडात पानी घाल. म्या कामावर जाते."

मालनबाई हो म्हणाली. पुढच्या तीन घरांतल्या म्हाताऱ्याही हो म्हणाल्या. पाचवं घर मात्र मिळेना. बाकीच्या दारांना कुलपं, नाहीतर माणसं कामावर. दुसरी असती तर चारांवर भागवलं असतं. चुलती कोरडा ओढा ओलांडून बौद्धवाड्यात गेली. कामावर पायावर दगड पडल्यामुळं भिमाबाई घरीच होती.

"आमी देवी सोडून सोळा वर्सं झाली," भिमाबाई म्हणाली. "अन् जोगवा मागाया तुमी ह्या दारात कधी आलाव का?"

"न्हाय आले. चुकलंच."

"हिरीवर माझी घागर लांब ठेवाया लावणारे तुमचेच मालक. त्यांनला माझ्या हातचं पानी चालंल?"

चुलतीला रडू फुटलं. "चालंल का न्हाय, मला ठावं न्हाय. पर म्या मागाया आलेय."

भिमाबाई भिंतीला धरून दुखऱ्या पायावर उभी राहिली. "देवीसाठी न्हाय येनार," ती शेवटी म्हणाली. "माणूस पडलंय, म्हणून यीन."

दुसऱ्या दिवशी चुलती मातीची पाटी डोक्यावर घेऊन धुळीतून चालत होती. पाय आपले आहेत की नाहीत, कळत नव्हतं. आई, तुझ्यावर टाकलंय, एवढंच ती पुटपुटत होती. दिवस कलताना ती सुकडी पदरात बांधून घराकडं पळाली.

उशाशी भिमाबाई बसली होती. तिनं चमचा पुढं केला. चुलत्यानं आपणहून तोंड उघडलं, गळ्याची घाटी खालीवर झाली, आणि एक थेंबही बाहेर आला नाही. वाटी रिकामी झाली होती. तो भिमाबाईकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"पुरं आता," भिमाबाई पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाली. "म्या घातलेलं पानी डोळ्यावाटं सांडू नगा."