ब्लोअरमधल्या अक्षता

मे महिन्यात गाडीच्या एसीचा ब्लोअर बंद पडला. गॅरेजवाल्यांना काय कळतं, म्हणत मी नवी मोटर आणली आणि गारखेड्यातल्या आमच्या दारातच, डॅशबोर्डखाली डोकं नि सीटवर पाय, अशा आसनात ती बदलायला घेतली. तीन तासांनी जुनी मोटर निघाली. तिच्या पंख्यात झेंडूच्या माळेचा दोरा गच्च गुंडाळलेला आणि तांदळाचे दाणे अडकलेले. दर दसऱ्याला मी समोरच्या काचेवर फुलं, अक्षता मनसोक्त वाहायचो. ते सगळं निर्माल्य काचेखालच्या जाळीतून आत उतरत होतं.

शेजारच्या चाचांनी दोरा सोडवून बॅटरीची वायर लावली. जुनी मोटर झकास फिरली.

"इसकू क्या हुआ था?" चाचांनी विचारलं.

मी रागारागानं नवीच बसवली. गार वारा तोंडावर आला तसं मला लई भरून आलं. बायकोला हाक मारून पूजेचं ताट मागवलं आणि नव्या मोटरच्या नावानं काचेवर मूठभर अक्षता टाकल्या.

आतून खडखड आवाज आला.

चाचांनी पेचकस माझ्यापुढं धरला.