डाव्या हाताचं लग्न

अलका आमच्या शाळेची सेविका. सिल्वासात तिला नावानं ओळखणारे फार थोडे, पण तिची घंटा ऐकून मोठी झालेली पोरं आता कारखान्यांमध्ये सुपरवायझर झाली आहेत. व्हरांड्यात टांगलेल्या त्या पितळी थाळीवर तिचा टोल कधी मिनिटभरही इकडेतिकडे पडला नाही. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत असे आणि पाढ्यांपेक्षा माझा तिच्या टोलावर जास्त भरवसा होता.

तिचं स्टूल दहावीच्या वर्गाबाहेर असायचं. ते तिथं का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दहावीला इतिहास शिकवायचे भगवंत राऊळ सर. मूळचे कुडाळकडचे, सरकारी नोकरीमुळे इथं आलेले आणि इथलेच झालेले. माणूस बोलायला लागला की पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नसे. दर डिसेंबरात जर्मनीच्या एकीकरणाचा धडा आला की सर पुस्तक मिटून ठेवत आणि एका राजपुत्राची गोष्ट सांगत. ती पुस्तकात नव्हती, परीक्षेला येणार नव्हती, तरी सर त्यासाठी अख्खा तास देत. हेडमास्तरांनी दोनदा हटकलं, सरांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि पुढच्या वर्षी पुन्हा गोष्ट सांगितली.

राजपुत्राचं नाव फ्रीडरिश. पोरांनी त्याचा 'फ्रीज राजा' करून टाकला होता. कुठल्याशा चिमुकल्या संस्थानाचा वारस. पहिलं लग्न तोलामोलाच्या राजकन्येशी झालं, ती बाळंतपणात गेली आणि मागे एक मुलगी राहिली. मग हा जंगलखात्यातल्या एका रखवालदाराच्या मुलीवर जीव लावून बसला. राजघराण्यानं लग्नाला परवानगी दिली, पण डाव्या हाताच्या. म्हणजे चर्चमध्ये नवऱ्यानं उजव्याऐवजी डावा हात पुढे करायचा. त्या एका हातानं सगळं ठरायचं. बायको म्हणून घरात राहायचं, पण राणी म्हणायचं नाही. मेजवानीत वेगळं टेबल. सावत्र मुलीचं लग्न झालं तेव्हा जिनं तिला वाढवलं तिनं ते सज्जातून, पडद्याआडून पाहिलं. राजपुत्र वारला तेव्हा तिची गाडी सगळ्यांच्या शेवटी होती.

इथं सर फळ्यावर एकच शब्द लिहीत, 'डावलणे'. म्हणत, "डाव्या हाताला टाकलं की माणूस डावललं जातं. फ्रीडरिश लढाईला भ्याला नाही. त्याला फक्त हात बदलायचा होता. तेवढं त्याच्यानं झालं नाही." आणि सरांचा आवाज बसायचा. दरवर्षी, त्याच जागी. मी भिंतीपलीकडून ऐकायची आणि मनात म्हणायची, काय नाटकी माणूस आहे. पण डोळे माझेही भरायचे.

भिंतीपलीकडे मी होते, दाराबाहेर अलका होती. ती खानवेलकडच्या पाड्यावरची, बाप जंगलात मजुरीला जायचा. पहाटेची बस धरून शाळेत यायची. रखवालदाराच्या मुलीची गोष्ट तिनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पुढे एकदा मला म्हणाली, "बाई, मला वाटलं, ज्याला त्या बाईचं एवढं लागतं, तो माणूस कोणाला डावं करणार नाही."

त्याच वर्षी सरांची बायको शैलजा गेली. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. मधुरा तीन वर्षांची होती. सर तिला शाळेत घेऊन यायचे आणि ती अलकाच्या स्टुलापाशी पाटीवर रेघोट्या मारत बसायची. अलकानं तिला आधी डबा भरवला, मग वेणी घातली, मग गोवर आला तेव्हा आठ रात्री सरांच्या घरी जागली. तिसऱ्या वर्षी सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, साक्षीला याल का?"

लग्न नदीकाठच्या एका लहानशा देवळात झालं. साक्षीदार दोन, मी आणि आमचे क्लार्क गजानन. भटजी वापीहून आलेले, पुढचा मुहूर्त गाठायच्या घाईत. त्यांनी अलकाला सरांच्या डाव्या हाताला बसवलं. आमच्याकडे बायको उजवीकडे बसते हे मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलंही. सर म्हणाले, "राहू दे हो, आता कशाला उठबस." अलका मात्र घाबरली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "सर, हे त्या राजासारखं डाव्या हाताचं नाही ना?" लग्न झालं तरी ती त्यांना सरच म्हणायची, आजही म्हणते. सर मोठ्यानं हसले. म्हणाले, "वेडी आहेस का? मधुराच्या लग्नात कन्यादानाला तू माझ्या उजव्या हाताला बसशील. बाई, तुम्ही साक्षीदार."

हे वाक्य अलकानं तेवीस वर्षं जपलं. दागिना मागितला नाही, माहेरी चार माणसांना जेवण घालावं असंही म्हणाली नाही. सरांनी लग्नाची नोंदणी पुढे ढकलली, "एवढ्यात गावी कळायला नको," म्हणून. तिनं तेही चालवून घेतलं. थोरले भाऊ राजेंद्र कुडाळहून आले की ती चहा करून आत जायची आणि ते गेल्यावर बाहेर यायची. एकदा त्या भावानं माझ्यादेखत विचारलं, "ही कामवाली राहते का इथंच?" सर चष्मा पुसत राहिले. मी त्या दिवशी सरांशी कडाडून भांडले आणि महिनाभर अबोला धरला. अलकाच माझी समजूत काढायला आली. "बाई, मधुराचं लग्न होऊ द्या. तवा सगळ्यांना दिसेल."

मधुरा तिला अलकाई म्हणायची. पोर हुशार निघाली, इंजिनियर झाली आणि इथल्याच एका कारखान्यात लागली. तिथं पुण्याचा कौस्तुभ भेटला. मुलगा चांगला, घरचे रीतीभातीचे. लग्न ठरलं त्या आठवड्यात अलकानं स्वतःच्या पगारातून मोरपिशी साडी घेतली. मला दाखवायला आणली आणि पदर उजव्या खांद्यावर टाकून विचारलं, "उजवीकडं बसल्यावर जरीचा काठ दिसेल ना?" मी म्हटलं, दिसेल.

मग पत्रिका छापून आली. 'कै. सौ. शैलजा व श्री. भगवंत राऊळ यांची कन्या.' अलकाला वाचता येतं, सरांनीच शिकवलं होतं. तिनं एकेक अक्षर वाचलं, पत्रिका पालथी करून मागेही पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय." मला ते ऐकवेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं की कन्यादानाला काका-काकू बसणार. सरांनी तिला सांगितलं ते असं, "दादानं हट्ट धरला आहे गं. मुलाकडच्यांना काय काय समजावत बसायचं? दोन तासांचा तर प्रश्न आहे." अलकानं फक्त विचारलं, "पाण्याची धार कोण धरेल?" सर म्हणाले, वहिनी. तिनं मान हलवली आणि लाडू वळायला बसली. संध्याकाळी मधुरा माझ्याकडे रडत आली. "बाई, तुम्ही बोला ना बाबांशी. मी बोलले तर कौस्तुभच्या घरच्यांसमोर सीन होईल." म्हणजे तिलाही कोणीतरी दुसऱ्यानंच बोलायला हवं होतं.

मी गेले. सर ओट्यावर बसून अक्षता निवडत होते. मी म्हटलं, "सर, तीस वर्षं त्या फ्रीडरिशला शिव्या घातल्यात तुम्ही." त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाले, "वर्गातलं वेगळं असतं, बाई." असं भ्यालेलं माणूस मी जवळून पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. पण हेही कबूल करते की मी तिथून उठले आणि घरी आले. साक्षीदार होते मी, भावासमोर उभं राहून साक्ष द्यायची वेळ होती ती, आणि मी घरी येऊन कुकर लावला.

लग्न सामरवरणीच्या हॉलमध्ये झालं. मोरपिशी साडी नेसून अलका दारात अक्षता वाटत होती. विधी सुरू झाले तशी ती चौथ्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसली. कन्यादानाला विधुरानं बसू नये म्हणून काका-काकू बसले. म्हणजे भर मांडवात सर विधुर ठरले आणि त्यांची बायको माझ्या शेजारी बसून ते बघत होती. मी तिचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "मी उजवीकडंच बसली ना, बाई." खरंच होतं ते. हॉलची उजवी बाजू होती ती.

भटजींनी हाक दिली, "मुलीच्या आईनं पाण्याची धार धरावी." काकूंनी झारी उचलली. मधुरानं मुंडावळ्यांतून मान वळवली आणि रांगांमधून शोधत शोधत तिची नजर अलकावर येऊन थांबली. पोर उठायच्या बेतात आली होती, हे मी शपथेवर सांगेन. अलकानं मान हलवून नको म्हटलं. मधुरा पुन्हा समोर बघायला लागली आणि पाणी पडलं. सर खांबापाशी उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं.

त्यानंतर घरात काही बदललं नाही. अलका डबा करायची, सरांच्या गोळ्या काढून ठेवायची, दोघं बरोबरच शाळेत यायची. दिवाळीत मधुरा आली तेव्हा अलकाच्या गळ्यात पडून रडली आणि अलकानं तिला बेसनाचा डबा बांधून दिला. मला वाटू लागलं, बाईनं गिळलं. सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण डिसेंबर आला आणि निवृत्तीच्या वर्षातही त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं.

मी भिंतीपलीकडे त्रैराशिक घालत होते. सरांचा आवाज नेहमीसारखाच चढत होता. फ्रीडरिशची पहिली बायको गेली, मुलगी मागे राहिली. "मग त्याच्या आयुष्यात आली जंगलाच्या रखवालदाराची..." आणि घंटा झाली.

मी घड्याळ पाहिलं. शेवटचा तास संपायला एकोणीस मिनिटं होती. पोरांना काय, ती दप्तरं घेऊन पळत सुटली. माझाही वर्ग रिकामा झाला. हेडमास्तर केबिनमधून बाहेर येऊन मनगट बघत राहिले. मी दारात आले. सर खडू हातात धरून फळ्यापाशी उभे होते, फळा कोरा होता. व्हरांड्यात अलका थाळीखाली उभी होती आणि लाकडी हातोडा अजून तिच्या उजव्या हातात होता.

"अलका," सर बाहेर येऊन म्हणाले, "अजून वेळ होता. गोष्ट राहिली."

तिनं हातोडा खिळ्याला अडकवला, स्टूल उचललं आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाचवीच्या वर्गाबाहेर नेऊन ठेवलं. मग परत येऊन रिकाम्या वर्गाच्या खिडक्या लावता लावता म्हणाली, "राहू दे, सर. पुढचं मला माहीत आहे."