कमिटीला हवी होती गप्प बसणारी बाई

“डाक्टर, डिसेंबरात आमच्या वाडीवर येऊन कोंबड्यांची तोंडं तपासणार काय?”

बुधीबाईंनी हे विचारलं तेव्हा आम्ही जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात मीटिंगला बसलो होतो. टेबलाच्या टोकाला मॅडम, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या बॉस. दोन्ही बाजूंना तालुक्यातालुक्यांचे डॉक्टर. आणि मी, मुरबाडकडच्या एका सरकारी दवाखान्यातला दातांचा डॉक्टर, तोंडात अर्धा बटाटेवडा घेऊन. तो चाववेना आणि गिळवेना. कारण बाईंना या खोलीत मीच आणलं होतं. त्या बोलणार नाहीत या खात्रीने.

विषय होता तोंडाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग. स्क्रीनिंग म्हणजे ज्यांना काही त्रास नाही त्यांनाही बोलावून तपासायचं. तोंडात टॉर्च मारायचा, छोटा आरसा फिरवायचा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, भरून न येणारी जखम दिसते का ते बघायचं. संशय आला की बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायचा. लवकर सापडलं तर माणूस वाचतो. हे सगळं कधी, कुठे आणि कोणी करायचं याची नियमावली जिल्ह्यात तयार होत होती. वरून सूचना आली की ज्यांची तपासणी व्हायची त्यांचेच दोन प्रतिनिधी कमिटीवर घ्या.

“ते दोघे शहापूर-मुरबाडमधून तुम्ही शोधा,” मॅडम मला म्हणाल्या होत्या. “आणि बोलणारी माणसं आणा. मान डोलावणारी नकोत.”

मी “होय मॅडम” म्हणालो आणि डोकं चालवलं. मसुदा मीच लिहिला होता. त्यात कोणी बोट घालावं अशी माझी अजिबात इच्छा नव्हती. म्हणून मी एक माणूस असा निवडला जो अजिबात बोलणार नाही आणि दुसरा असा जो दुसऱ्या कोणाला बोलूच देणार नाही. दुसरे म्हणजे भातसानगरचे राऊत काका. धरणावरून रिटायर झालेले. दवाखान्यात आले की ब्लड प्रेशरची गोळी घेताना धरणाच्या दरवाजांचा अख्खा इतिहास सांगत. मीटिंगचा वेळ तेच खाऊन टाकतील, असा माझा हिशेब.

बुधीबाई सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतल्या. त्यांना मी ग्रामसभेत पाहिलं होतं. रस्ता, पाणी, रेशन यांवरून अख्खी सभा भांडत होती. बाई मात्र पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत हूं की चूं न करता बसल्या. मला वाटलं, हिरा सापडला.

आता तो हिरा मॅडमच्या समोर बसून कोंबड्यांबद्दल विचारत होता.

“कोंबड्या म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“दिवाळी झाली का आमी समदी वीटभट्टीवर जातो. पोराबाळांसकट. वाडीवर म्हातारी माणसं नि कोंबड्या. मागल्या साली हे डाक्टर डिसेंबरात आलेले. भलेमोठे प्लास्टरचे दात घेऊन.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वडा गिळला.

खरं होतं. मागच्या डिसेंबरात मी त्या वाडीवर बॅनर लावला, प्लास्टरचा जबडा मांडला आणि पाच-सहा म्हाताऱ्यांसमोर तंबाखूच्या दुष्परिणामांवर खणखणीत भाषण ठोकलं. एका आजोबांना ते इतकं आवडलं की त्यांनी आभार म्हणून चुना लावून तंबाखू मळली आणि पहिली चिमूट मला दिली. परत येऊन मी रिपोर्ट लिहिला: ‘अल्प प्रतिसाद. जनजागृतीचा अभाव.’ वाडीतली माणसं वाडीवर आहेत की नाही, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आणि नव्या मसुद्यातही मी शिबिराचा महिना डिसेंबरच ठेवला होता. हवा छान असते.

“मग तुम्ही सगळे वाडीवर असता कधी?” मॅडम.

“होळीला. कुठं बी असो, होळीला माणूस वाडीवर येतोच. दोन-तीन दिवस राहतो नि परत भट्टी. मग पावसाच्या तोंडावर येणार. तवा लावणी. तवा तुमी आलात तर चिखलात उभं राहून तोंड बघा.”

एक तालुक्याचे डॉक्टर हसले. “होळीला? बाई, तेव्हा गडी शुद्धीवर असतात का?”

“धुळवडीला सकाळी असत्यात,” बुधीबाई शांतपणे म्हणाल्या. “उन्हं चढायच्या आत या. दुपारी आलात तर तुमीच शुद्धीवर राहणार नाय.”

मॅडमनी हसू आवरलं आणि पेन खाली ठेवलं. “पण धुळवडीला सुट्टी असते. स्टाफ कुठून आणू? हे नियमात कसं बसवू?”

झालं, मी मनात म्हटलं, डिसेंबर वाचला. तेवढ्यात राऊत काकांनी घसा खाकरला. मी निर्धास्त होतो. आता धरणाचा इतिहास.

“मॅडम, आमच्या धरणावर धुळवडीला दरवाजांवर माणूस असायचा की नाय? पाण्याला कुठली सुट्टी? ड्यूटी केली की त्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी रजा. लेखी ऑर्डर निघायची. नमुना मी देतो.”

आणि ते चक्क तिथेच थांबले. इतक्या वर्षांत प्रथमच.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण चट्टा सापडला तर पुढे काय? मसुद्यात जुनाच नियम आहे की पेशंटने आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातून पुढे जायचं.”

बुधीबाई इतका वेळ निवांत होत्या. आता त्यांचा आवाज बदलला.

“तेच इचारायला मी आलेय. आमच्या घरवाल्याच्या गालात आतून पांढरं झालंय. तिखट खाल्लं का डोळ्यांतून पाणी. नर्सबाईनं चिठ्ठी दिली, मुरबाडला जा. आमी तवा भट्टीवर, पार दुसऱ्या तालुक्यात. भट्टीसमोर रस्ता ओलांडला का दवाखाना हाय. तिथं गेलो तर म्हणाले, तुमचा तालुका दुसरा, तिकडून कागद आणा. कागदासाठी दोन दिवस मोडायचे, तर मुकादम दुसरा माणूस लावतो. घरवाला म्हणतो, दुखत नाय, राहू दे. असं करत वर्ष गेलं. मला शिबिर नको, डाक्टर. तुमी तपासणार, चिठ्ठी देणार नि जाणार. चिठ्ठी घेऊन आमी जायचं कुठं, ते आधी सांगा. नायतर आमच्या वाडीवर येऊ नका.”

तो जुना नियम माझाच होता. कागदपत्रं नीट राहावीत म्हणून घातलेला. कागदपत्रं खरोखरच नीट राहिली होती.

मॅडमनी बराच वेळ मसुदा चाळला. मग म्हणाल्या, “एका वाडीवर करून बघू. धुळवडीला. जमलं तर नियमावलीत घालू, नाही जमलं तर डिसेंबर. कोण जाणार?”

सगळे डॉक्टर एकाच वेळी छताचा पंखा बघू लागले.

“हे जातील,” बुधीबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “मला त्यांनीच आणलंय.”

मी त्या दिवशी सासुरवाडीला पुरणपोळी खायला जाणार होतो. पण खरं सांगतो, एव्हाना मलाच चेव चढला होता. होळीच्या आधी मी भट्टीसमोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. त्यांनी आधी नियम दाखवला. मी मॅडमचं पत्र दाखवलं. त्यांनी चहा मागवला. मग तपासणीच्या फॉर्मवरचा ‘कायमचा पत्ता’ मी खोडला आणि लिहिलं, ‘होळीनंतर कुठे असाल?’ ज्याचं जे उत्तर, त्याची चिठ्ठी तिथल्या दवाखान्याची.

धुळवडीच्या सकाळी वाडीवर पोहोचलो आणि जागा चुकली की काय असं वाटलं. प्रत्येक ओट्यावर माणसं. होळीची राख अजून गरम. प्लास्टरचे दात या वेळी घरीच ठेवले होते. बुधीबाईंनी आधीच एका घरामागे दोन लुगडी बांधून आडोसा केला होता. “सुना सासऱ्यासमोर आ करणार नाय,” एवढंच त्या म्हणाल्या. हेही माझ्या मसुद्यात नव्हतं.

काम धडाधड सुरू झालं. रांग सरकत होती. पण पदू, म्हणजे बुधीबाईंचा नवरा, कुठे दिसेना. पहाटेच रानात निघून गेला होता. ऊन चढत चाललं. कुणीतरी पहिली बाटली उघडल्याची चाहूल लागली. माझी नर्स सामान आवरू का म्हणून विचारू लागली.

“थांबा,” बुधीबाई म्हणाल्या आणि रानाच्या दिशेने चालू लागल्या.

थांबलो. बऱ्याच वेळाने दोघं आली. पुढे पदू, मागे बाई, हातात त्याचा कोयता.

“दुखत नाय तर बघायचं कशाला गो?” तो कुरकुरत होता.

“दुखाया लागल्यावर हे काय करणार? बस. आ कर.”

त्याने आ केला. गालाच्या आत, तंबाखू धरायच्या जागी, पांढरा जाड चट्टा होता. मी बोळ्याने पुसून बघितला. गेला नाही.

“होळीनंतर कुठे?” मी विचारलं.

“भट्टीवर. परवाच.”

चिठ्ठी भट्टीसमोरच्या दवाखान्याची लिहिली आणि तिथल्या डॉक्टरांना त्याच्यादेखत फोन लावला. मग बुधीबाईंना म्हणालो, “आता तुम्ही बसा.”

“मी? मी कमिटीची हाय!”

सगळी वाडी हसली. शेवटी त्या आडोशामागे गेल्या आणि तोंड उघडलं. हिरड्या काळ्या, खालच्या ओठामागे मिश्री गच्च. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. दाताला लावायची म्हणतात, पण ती तोंडातच राहते.

“बाई, ग्रामसभेत तुम्ही एक शब्दही बोलला नव्हतात...”

“तोंडात मिश्री होती. बोलू कशी? थुंकायला उठले असते तर जागा गेली असती.”

दातांचा डॉक्टर म्हणून मी सरकारचा पगार घेतो.

पदूची बायोप्सी रस्ता ओलांडून झाली. एक दिवसही मोडला नाही. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर निघालेला चट्टा. तो काढून टाकला. आता दर काही महिन्यांनी दाखवायचं आणि तंबाखू बंद. तंबाखू बंद आहे असं पदू सांगतो. बुधीबाई त्याचे खिसे तपासतात. त्या सकाळी आणखी दोघांच्या तोंडात संशयास्पद काही सापडलं होतं. एक जण उपचाराला गेला. दुसरा अजून गेलेला नाही. त्याच्या मागे मी आणि बुधीबाई दोघंही लागलोय.

नियमावलीत भट्टीवर जाणाऱ्या वाड्यांसाठी धुळवड आली, राऊत काकांच्या नमुन्याची ऑर्डर आली आणि ‘कायमचा पत्ता’च्या जागी माझा ‘होळीनंतर कुठे असाल?’ हा रकाना छापून आला. बुधीबाईंनी वाडीसाठी जीपही मागितली होती. ती नामंजूर झाली. ती मागणी त्या दर मीटिंगला पुन्हा मांडतात आणि काका अनुमोदन देतात. मीटिंग आता जेवणाच्या सुट्टीपलीकडे जाते.

स्वतः मिश्री सोडायचं त्यांनी कबूल केलंय, पण मीटिंगपुरतं. तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंना अनुभवाने एवढंच सांगतो: कमिटीसाठी गप्प बसणारं माणूस हवं असेल, तर निवडण्याआधी त्याचं तोंड उघडून बघा.