ठुबेमामांनी किल्ली दिली नाही

गेल्या महिन्यात एका दुपारी आमचे हे जेवणाच्या वेळेआधीच घरी आले. सायकल भिंतीला न टेकवता तशीच धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ठुबेमामा गेले. सकाळी, गावी पारनेरला, बसल्या जागी." मी स्टोव्हपाशी होते. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आता ते कुणाला काही सांगणार नाहीत, हे आधी आलं. दुःख मागाहून आलं, ते अजून हललेलं नाही.

सखाराम ठुबे सावेडीच्या माळावरच्या एका मालवाहतूक कंपनीत गेटवर होते. माझे पती शमुवेल साळवे तिथेच ट्रक चालवत. कंपनीची एक गाडी घाटात उलटली, ड्रायव्हर प्यालेला निघाला, तेव्हापासून मालकांनी नियम केला, की गेटवर तपासल्याशिवाय कुणालाही किल्ली द्यायची नाही. तपासायचं कसं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. ते मामांनी स्वतःच बसवलं. ड्रायव्हरने समोर यायचं, आपलं नाव आणि गाडीचा नंबर मोठ्याने सांगायचा, मामांच्या तोंडासमोर श्वास सोडायचा आणि चुन्याच्या रेघेवरून चालून दाखवायचं. लोकांना तो अपमान वाटे. "आमी काय चोर हाय का?" असं तोंडावर विचारत. मामा चिडत नसत. "चोर न्हाई रं बाबा, पन रस्त्यात लेकरं असत्यात," एवढंच म्हणत. गाडी सुटली तरी ती वळणाआड होईपर्यंत फाटक धरून उभे राहत. आज आपल्या नाकाने चूक तर केली नसेल ना, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर रोज दिसायची, असं हे सांगत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, दुष्काळाचं साल होतं. दुष्काळी कामांवर धान्याच्या गाड्या जात होत्या आणि ह्यांना एक दिवस उसंत नव्हती. त्या उन्हाळ्यात ह्यांच्यात काहीतरी बदललं. घरी आले की तांब्यावर तांब्या पाणी पीत. अंग झडत चाललं होतं. बोलता बोलता डोळे मिटायचे, चिडचिड व्हायची. आणि तोंडाला एक वास येऊ लागला... माझे वडील दारूपायी गेले. मिशनच्या शाळेत शिक्षक असलेला माणूस आमच्या डोळ्यांदेखत संपला. तेव्हापासून तो वास मी कधीही ओळखीन अशी माझी खात्री होती. मी ह्यांना एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं आणि ते 'हो' म्हणाले तर, या भीतीने गप्प राहिले. रविवारी चर्चमध्ये ह्यांच्या शेजारी बसले तरी पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघतील, असं वाटायचं.

मे महिन्यातल्या एका सकाळी, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असल्याने घरीच होते, ठुबेमामा दारात आले. घामाने निथळत होते. गेट सोडून ते कधी कुठे जात नसत.

"बाई, शामूला गाडी दिली न्हाई आज. तोंडाला वास हाय. रेघंवर चालता बी येईना. कागूद लिहिला की नोकरी जाती त्याची. म्हनून आधी तुमाला इचारायला आलो. खरं सांगा, पितो का त्यो?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. कुठलीही बायको म्हणाली असती. मी म्हणाले, "पितात, मामा. मला घरात वास येतो."

मामा उंबऱ्याकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तरी पटत न्हाई. लई तोंडं हुंगली मी. ह्यो वास गोड हाय, पिकून काळ्या पडलेल्या केळावानी. अन् पिलेला मानूस असं सारखं पानी मागत न्हाई, किल्लीसाठी भांडतो. चला, आपन त्याला दवाखान्यात नेऊ. रगत तपासू द्या. निघाली दारू तर मी लिहीन, न्हाई तर न्हाई."

टांग्यात हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून होते आणि मी त्यांना धरून बसले होते, पण खरं सांगायचं तर रागानेच. सरकारी दवाखान्यात मामांनी डॉक्टरांना दारूची तपासणी करायला सांगितली. डॉक्टरांनी ह्यांचा श्वास हुंगला, जीभ पाहिली आणि आधी लघवी मागितली. परीक्षानळीत निळं पाणी होतं. थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखा लाल गाळ खाली बसला. "दारू नाही, साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "आणखी दोन दिवस उशीर झाला असता, तर माणूस हाती लागला नसता. आज गाडी दिली असती, तर दोन दिवसही लागले नसते." मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हे त्याच दिवशी बेशुद्ध झाले, ते आठवड्याने शुद्धीवर, महिन्याने पायावर आले. जड गाडी पुन्हा चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मामांनी मालकांकडे खेटे घालून ह्यांना गेटवर, आपल्या जोडीला घेतलं. आमचं घर तगलं. पण माझी काळजी मात्र तिथूनच सुरू झाली. रोज सकाळपासून ही दोन माणसं एका खोलीत बसणार, आणि त्यातल्या एकाला मी काय बोलले ते ठाऊक. मामा चहाला आले की माझं अर्धं लक्ष त्यांच्या ओठांवर असे. एकदा ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी..." माझ्या हातातली बशी निसटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्या दिवशी ऊन लई हुतं, न्हाई?" दोन वर्षांत त्या दिवसाबद्दल ते एवढंच बोलले.

दहाव्याला आम्ही पारनेरला जाऊन आलो. घरी येऊन चपला काढतानाच मी ह्यांना सांगून टाकलं. "त्या दिवशी मामांना मीच म्हणाले होते, तुम्ही पिता म्हणून."

हे खाटेवर बसले. मला वाटलं, संपलं सगळं.

"अगं, मी पण तेच म्हणालो होतो," ते म्हणाले. "पाय लटपटत होते, डोळ्यांपुढं अंधारी. स्वतःच्या तोंडाचा वास मला येत होता. वाटलं, चहातून कुणी काही पाजतंय की काय. मामांना म्हणालो, लिहा, प्यालोय मी. ते म्हणाले, जरा बस, घरी इचारून येतो."

म्हणजे नवऱ्याने कबूल केलं होतं आणि बायकोने साक्ष दिली होती. तरी तो माणूस कागद कोरा ठेवून टांगा बघायला गेला.

संध्याकाळच्या इन्सुलिनच्या सुईची वेळ झाली होती. मी काचेची पिचकारी पातेल्यात उकळायला ठेवली. हे बाही वर करून बसले. मी पिचकारी उजेडाकडे धरून औषधाच्या रेघा दोनदा मोजल्या, आणि मग सुई टोचली.