स्लॅबखाली पहिल्यांदा बसलेला माणूस

आमच्या वॉर्डातल्या सभागृहाचा मला अभिमान आहे. लातुरात नगरपालिकेची सभागृहं बरीच आहेत, पण रोज संध्याकाळी माणसांनी भरलेलं हेच. गुरुवारी भजन, शुक्रवारी कव्वाली. क्लाससाठी कंधार-बिलोलीहून येऊन आमच्या गल्लीत खोल्या करून राहिलेली पोरं-पोरीही तासभर कॅरम खेळून जातात. दारावरच्या पाटीवर लिहिलंय, 'यांच्या प्रयत्नांतून', आणि पुढे माझं नाव. ते खोटं आहे. आता वय झालं, म्हणून खरं लिहून ठेवतो.

भूकंपानंतर आमच्या गल्लीने कित्येक महिने मैदानात, पत्र्याच्या शेडमध्ये काढले. घरं उभी होती, पण छताखाली कुणाला झोप येत नव्हती. त्या शेडमध्ये बुवांचं भजन आणि आमच्या शिंपी मास्टरांची कव्वाली एकाच पेटीवर चालायची. नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा मी जाहीरनाम्यात सभागृहाचं वचन दिलं. मास्टरांनी मशीन थांबवून मला हाक मारली.

"साहेब, स्लॅब नका टाकू. लोक भिऊन राह्यलेत. वर पत्राच टाका."

"पत्र्याच्या शेडचं उद्घाटन करायला मंत्री येतो व्हय, मास्टर?"

"मंत्री एकदा येतो. आम्हाला रोज बसायचंय."

मी हसलो. निवडून आलो आणि स्लॅबच टाकला. उद्घाटनाला लोक आले, पण बाहेरच्या मांडवातच बसले. नंतर सभागृहाला कुलूप लागलं. भजन बाहेर पायऱ्यांवर चालायचं.

मग क्लासेसचे दिवस आले. गल्लोगल्ली पाट्या लागल्या. एका क्लासवाल्याने सभागृह मागितलं आणि ते त्याला देण्याचा ठराव मीच मांडला. 'नागरिक सभागृहाचा वापर करत नाहीत,' असं कारण लिहिलं. का करत नाहीत, ते मला मास्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ते लिहिलं असतं तर चूक माझी ठरली असती. सभागृह खरंच रिकामं पडलंय का, त्याच्या पंचनाम्यासाठी नगरपालिकेचे मोठे साहेब आठ दिवसांनी यायचे होते.

मास्टरांच्या बहिणीचं अख्खं घर भूकंपात गाडलं गेलं होतं. तेव्हापासून ते दुकानापुढे उघड्यावर बाज टाकून झोपायचे. ठरावाचं कळलं त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून किल्ली मागून नेली. पेटी घेऊन आत गेले आणि बरोबर मधोमध बसले. मी दारातून बघत होतो. त्यांचा पहिला सूर भलतीकडेच गेला.

बुवा पायरीवरून ओरडले, "मास्टर, सूर कुठं हाय?"

"तुमच्यापाशीच राह्यला, बुवा. घेऊन आत या!"

पायऱ्यांवर हशा पिकला. बुवा आत गेले, वर स्लॅबकडे बघत बघत टेकले. मग टाळकरी गेले. दुसऱ्या दिवशी बायका लेकरांना घेऊन आल्या. नंतरचे सगळे दिवस मास्टर सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसायचे आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचे.

आठव्या दिवशी साहेब आले तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी पंचनाम्यात 'सभागृह नियमित वापरात' असं लिहिलं आणि ठराव बारगळला. साहेबांनी विचारलं, "हे कुणी घडवून आणलं?" मी पुढे झालो आणि म्हणालो, "वॉर्डासाठी करावंच लागतं." पेपरात माझा फोटो आला, पुढे पाटीही लागली. मास्टर शेजारीच पेटी बंद करत होते. मला एवढंच म्हणाले, "साहेब, चहा घेणार ना?" शेवटपर्यंत ते माझे सदरे शिवत राहिले. त्यांच्या दुकानात मापाला उभा राहिलो की मी त्यांच्या तोंडाकडे बघत नसे.

यंदा पुन्हा निवडणूक आहे. आमचा तरुण उमेदवार आला. सभागृहाला माझं नाव द्यायचं, असं त्याच्या जाहीरनाम्यात होतं. मी त्याला हे सगळं सांगितलं.

"काका, आता कशाला उकरता? मास्टर तर गेले. जाहीरनामा छापायला दिलाय."

"मग परत आण," मी म्हणालो.

गुरुवारी भजन संपल्यावर, मास्टर बसले होते तिथेच बसून मी इथपर्यंत लिहिलेला हा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. पहिली ओळ माझीही चुकली. म्हाताऱ्या बुवांनी टाळ खाली ठेवले.

"आम्हाला ठावं हाय की," ते म्हणाले. "तुम्ही कधी सांगता, तेच बघून राह्यलो होतो."

जाहीरनामा परत आला. त्यात आता मास्टरांचं नाव आहे.